बेटाचा बांबू: मराठवाड्यात जात ठरवण्याआधीची तयारी

आधी स्वतःच्या रानातली थंडी मोजा. परभणीकडे पारा अधूनमधून ५ अंशांच्या खाली जातो. ओढ्याकाठच्या सखल तुकड्यात तो आणखी उतरतो, कारण रात्रीची गार हवा उतारानं येऊन तिथंच साचते. डिसेंबर-जानेवारीत कमाल-किमान तापमापक टांगून पंधरा दिवस पहाटेचे आकडे वहीत लिहा. एवढ्या थंडीनं जमलेलं बेट, म्हणजे बांबूचा वाढलेला झुपका, मरत नाही, पहिल्या वर्षाचं रोप मात्र होरपळतं. म्हणून जात जमीन-पाण्यावर ठरवा आणि थंडीचा विचार लागवडीच्या वेळेत करा.

तीन फूट खड्डा घेऊन पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलंच असेल तर तिथं मानवेल ही बांबूची जात नको, तिचे कंद कुजतात. मुरमाड, निचऱ्याच्या, कमी पाण्याच्या रानाला मात्र तीच. उन्हाळ्यात पानं गाळून तग धरते, काठी भरीव, थंडीलाही दणकट. खोल काळी जमीन आणि ठिबक असेल तर बाल्कुवा ही जात घ्या, तीही चर काढून, उंचवट्यावर. कोकणातली माणगा बिनकाट्याची, सरळ काठीची आहे, पण तिला दमट हवेची सवय. वाऱ्याला आडोसा नसेल तर आमच्या मते ती टाळावी. काटेरी कळक फक्त बांधाला. आत लावला तर तोडणीला हात घालवत नाही.

रोपवाटिकेत रोप कशापासून तयार केलं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बाल्कुवाला बी धरत नाही, त्यामुळे 'बियांचा बाल्कुवा' म्हणून कुणी देत असेल तर ती दुसरीच जात. मानवेल मात्र बियांचीच घ्या. जुन्या बेटाचा कंद आणलात तर त्याचं वयही सोबत येतं. मूळ बेट फुलोऱ्यावर आलं की तुमचंही फुलून वाळतं.

मानवेलीला ४ × ३ मीटर अंतर, म्हणजे एकरी साधारण ३३५ रोपं. बाल्कुवाला ५ × ४, म्हणजे २०० च्या आसपास. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात तापू द्या. भरताना प्रत्येकी १० किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळा. पिशवीतलं रोप आधी पंधरा दिवस उन्हाला सरावलेलं हवं.

लागवड जून-जुलैतच उरका. सप्टेंबरात लावलेलं रोप कोवळ्या कोंबानिशी डिसेंबरात जातं आणि तिथंच फसतं. दसऱ्यानंतर युरिया बंद. उत्तरेच्या बाजूला जूनमध्येच तुरीच्या दोन दाट ओळी पेरा, ऐन थंडीत तोच आडोसा होतो. गारठ्याची लाट येणार असं कळलं की संध्याकाळी पाणी द्या. ओली माती रात्री लवकर गार पडत नाही.

पानं तांबूस पडली म्हणून रोप उपटू नका. पेरावरचा डोळा नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. तपकिरी निघाला तरी कंदातून कोंब येऊ शकतो, म्हणून पाडव्यापर्यंत काहीच छाटू नका आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, पुढच्या पावसातच भरा.