समोर दिसतं ते फोटोत का येत नाही, आणि त्यासाठी नजर कशी तयार करायची

बरेच जण विचारतात की समोर एवढं भारी दिसत होतं मग फोटो एवढा फ्लॅट का आला, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, कोणता फोन घेऊ. फोन राहू दे. आपण जे बघतो ते मेंदूने आधीच साफसूफ करून दिलेलं असतं, नको ते गाळलेलं, आवडतं ते मोठं केलेलं, रंगसुद्धा दुरुस्त केलेले. कॅमेऱ्याला यातलं काही माहीत नाही. फोनचं सॉफ्टवेअर थोडंफार सावरतं पण तुमचं लक्ष कशावर होतं हे त्याला कसं कळणार! म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सेटिंग पाठ करण्याआधी आपला मेंदू कुठे कुठे लुडबुड करतो ते पकडायला शिकायचं.

सुरुवात रंगापासून करा आणि त्यासाठी मंडईसारखी जागा नाही. ऊन जरा वर आलं की जा, निळ्या ताडपत्रीखाली भाजी घेऊन बसलेल्या मावशी शोधा आणि तिथे दोन मिनिटं नुसतं उभं राहा. मुळा पांढराच दिसेल, मावशींचा चेहरा नेहमीसारखाच, कारण ताडपत्रीतून झिरपणारा निळा उजेड मेंदू आपोआप वजा करून टाकतो. आता फोटो काढा. मुळा निळसर, हात राखाडी, आणि टोमॅटो काळपट, कारण त्या उजेडात लाल फारसा उरलेलाच नसतो तर टोमॅटो लाल दिसणार कुठून. आता एक मुळा विकत घ्या (फुकट खोळंबा करू नका, त्यांचा धंद्याचा टाइम असतो) आणि ताडपत्रीच्या कडेला असा धरा की अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत राहील. एकाच मुळ्याचे दोन रंग तुम्हाला तिथेच उघड्या डोळ्यांनी दिसतील, आणि एकदा ते दिसलं की मग कुठेही गेलं तरी आधी उजेडाचा रंग दिसायला लागतो, वस्तू नंतर.

मग काय करायचं? फोन कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपण हाताने बदलतो) व्हाइट बॅलन्स असतो, म्हणजे उजेडाचा रंग कसा आहे ते कॅमेऱ्याला सांगायची सेटिंग, आणि तो रंग केल्विनच्या आकड्यात मोजतात. त्यात पिवळ्या बल्बला 2700 ते 3000 केल्विन, दुपारच्या उन्हाला 5500 च्या आसपास, उघड्या आकाशाखालच्या सावलीला 7000 किंवा वर, एवढं लक्षात ठेवलं तरी बास. पण ताडपत्रीचा निळा यानं पूर्ण जात नाही, तिथे जागाच बदलावी लागते, म्हणजे मोकळ्या बाजूचा उजेड मावशींच्या चेहऱ्यावर येईल असे तुम्ही सरका.

दुसरी भानगड लक्षाची. 1999 साली हार्वर्डमध्ये सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, लोकांना व्हिडिओ दाखवून सांगितलं की बॉल किती वेळा पास होतो ते मोजा, आणि मध्येच गोरिलाचा ड्रेस घातलेली व्यक्ती चालत गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! फोटो काढताना आपलं हेच होतं, आपण हसू बघत असतो आणि डोक्यातून निघालेला विजेचा खांब, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी, अर्धी कापलेली स्कूटर हे सगळं आपल्यासाठी नसतंच. त्यात डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं ते फक्त मधल्या दोनेक अंशात, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढंच, बाकीचं चित्र डोळा उड्या मारत गोळा करतो आणि मेंदू ते जोडतो. म्हणून बटण दाबण्याआधी स्क्रीनच्या चारही कडांवरून नजर फिरवायची, मग माणूस सोडून फक्त मागचं बघायचं, मग दाबायचं. सुरुवातीला वेळ लागतो, हळूहळू सवयीने पटकन होतं.

आकाराचंही तसंच. खडकवासल्याच्या पाण्याकाठून सिंहगड केवढा दिसतो, आणि फोटोत मागे एक उंचवटा. कोजागरीचा चंद्र घ्या, तो आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, पण आपलं सगळं लक्ष तिकडे असतं म्हणून मोठा वाटतो, आणि फोनची मेन लेन्स चांगलीच वाइड, म्हणजे एकदम खूप रुंद भाग घेणारी, असल्यामुळे फोटोत टिकली. झूम दोन किंवा तीन एक्सवर न्या, नाहीतर जवळ झाड, माणूस, होडी असं काहीतरी घ्या म्हणजे बघणाऱ्याला अंतर कळेल.

एक जुना उपाय सांगतो. पूर्वीच्या स्टँडवरच्या भात्याच्या कॅमेऱ्यात काचेवर चित्र उलटं दिसायचं आणि फोटोग्राफर त्या उलट्या चित्रावरच फ्रेम ठरवायचे. तुम्ही काढलेला फोटो उघडा, ऑटो रोटेट बंद करा, फोन उलटा धरा. आता आजी, बाकडं, चहाची टपरी अशी ओळख मागे पडते आणि फक्त उजेड, काळोख आणि आकार उरतात. एखादा पांढरा डाग उगाच नजर खेचत असेल तर लगेच कळतं.

आणि रोजच्या रस्त्यावर काय काढायचं असं म्हणू नका प्लीज. फोटोग्राफर सॉल लाइटर मूळचा चित्रकार, न्यूयॉर्कमध्ये राहायचा आणि कित्येक दशकं त्याने स्वतःच्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांचेच फोटो काढले, वाफ धरलेल्या काचेतून, पावसात, छत्रीआडून. आपल्या रघुबीर सिंग यांचे मुंबईचे फोटो बघा, दुकानाच्या काचा आणि आरसे यातून एका फ्रेममध्ये किती मुंबई येते. सवयीचा रस्ता मेंदू बघतच नाही, त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. बसस्टॉपपर्यंत जाताना एक दिवस फक्त लाल रंग शोधा, दुसऱ्या दिवशी फक्त सावल्या, नंतर फक्त प्रतिबिंबं. गोरिला लपवणारं लक्ष ते हेच, फक्त आता तुम्ही ठरवताय ते कुठे लावायचं, आणि मग पोस्टाची पेटी, रिक्षातला गोंडा, गॅलरीत वाळणारा परकर, लाल जिथे तिथे दिसायला लागतो.

फोटो जागेवर डिलीट करू नका आणि जागेवर खूशही होऊ नका, कारण तेव्हा तुम्ही फोटो कमी आणि तो क्षण जास्त बघत असता. आठवडाभर ठेवा. मग तिथे नसलेल्या कुणाला तरी काही न सांगता दाखवा आणि एवढंच विचारा की पहिलं काय दिसलं. मावशींचं हसू म्हणाले तर उत्तम, ती पिशवी कसली म्हणाले तर क्रॉप करा, आणि क्रॉपमध्ये बसत नसेल तर पुढच्या बाजारच्या दिवशी परत जा.