पुस्तकातली झटपट रेसिपी पहिल्यांदाच करताय? या चुका टाळा

“पुस्तकात दिलंय तस्संच केलं गं, पण काही खास नाही झालं.” महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी मला हे ऐकवतं. मी विचारते, ओव्हन किती तापमानावर होता? “ओव्हन नाही लावला, गॅसवरच केलं.” मशरूम? “मुलांना आवडत नाहीत, वगळले.” तेल? “हेल्दी करायचं होतं ना, निम्मंच घातलं.” मग पुस्तकातलं केलं काय? नाव तेवढं!

गेली कित्येक वर्षं मी झटपट, पौष्टिक जेवणाच्या पुस्तकांतल्या रेसिपी घरी करून बघते. समासात लिहून ठेवते, जमल्या त्या पुन्हा करते, बाकीच्यांवर काट मारते. काही वेळा दोष पुस्तकाचा असतो, त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण बहुतेक वेळा नाचता येईना अंगण वाकडं, असाच प्रकार असतो.

पहिल्याच वेळी आपलं डोकं चालवणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडते, कारण ती मी स्वतः अगदी साग्रसंगीत केलेली आहे.

एका पुस्तकात काबुली चणे आणि पालकाची एकाच भांड्यात होणारी रेसिपी होती. वेळ 25 मिनिटं. साहित्यात 400 ग्रामचा चण्यांचा एक डबा, 200 ग्राम ताजा पालक, कांदा, लसूण, टोमॅटो आणि शेवटी 100 मिली क्रीम. मला वाटलं, डबाबंद कशाला खायचं? म्हणून आदल्या रात्री 400 ग्राम कोरडे चणे भिजत घातले. आता 400 ग्राम हे डब्यातल्या पाण्यासकट वजन असतं. पाणी निथळलं की हाती साधारण 240 ग्राम चणे येतात, आणि तेवढ्यासाठी कोरडे चणे 100 ते 120 ग्राम पुरतात. मी घातले त्याच्या जवळपास चौपट. सकाळी पातेल्यावरचं झाकण चण्यांनी उचललेलं होतं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे ताज्या पालकाऐवजी फ्रोजन घेतला. वजन तेच, 200 ग्राम. फ्रोजन पालक आधीच उकळत्या पाण्यातून काढून आकसलेला असतो, त्यामुळे त्याच वजनात पालक कितीतरी जास्त येतो, आणि वितळला की वर पाणी सोडतो. तो न पिळता तसाच टाकला. शेवटी क्रीमऐवजी कमी फॅटचं दही, तेही फ्रीजमधून काढून थेट उकळत्या रश्शात. दही फाटलं, फाटणारच होतं. आंबटपणा आणि उष्णता मिळून दह्यातली प्रथिनं गोळा होतात, आणि त्यांना थोडंफार सांभाळून घेणारी चरबी मी आधीच काढून टाकलेली. हिरवट पाणी, त्यात पांढऱ्या कण्या आणि मधोमध चण्यांचा डोंगर. आम्ही तो तीन दिवस खाल्ला.

यावर कडी म्हणजे मी त्या पानाच्या समासात पेनाने ठसठशीत लिहिलं: “बेचव. पुन्हा करू नये.”

साताठ महिन्यांनी एका मैत्रिणीकडे जेवायला गेले. तिने जे वाढलं ते इतकं छान होतं की मी दोनदा मागून घेतलं आणि रेसिपी विचारली. तिने आतून तेच पुस्तक आणलं आणि तेच पान उघडलं. तिच्या समासात काहीच लिहिलेलं नव्हतं, लिहिलं होतं तसं केलं होतं बस. मी घरी येऊन माझा शेरा खोडला. पेनाचा असल्यामुळे तो अजूनही वाचता येतो. तेव्हापासून समासात फक्त पेन्सिल.

म्हणून पहिली वेळ अक्षरशः पुस्तकाप्रमाणे. एखादी वस्तू घरात नसेल तर त्या दिवशी दुसरी रेसिपी करा, जग बुडत नाही. दुसऱ्या वेळी एक बदल. एकच. दोन केले की काय कशामुळे बिघडलं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

“पण क्रीम हेल्दी नाही ना!” चार जणांत 100 मिली म्हणजे प्रत्येकी 25 मिली. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. तरी दहीच हवं असेल तर दुसऱ्या वेळी घाला: दही बाहेर काढून ठेवा, फेटून घ्या, गॅस बंद करा, उकळी बसू द्या आणि मग मिसळा. पुन्हा तापवायचंच असेल तर फेटतानाच त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला आणि आच मंद ठेवा.

पानावरच्या मिनिटांवर विश्वास ठेवणं

ही दुसरी लाडकी चूक. इथे मात्र पुस्तकवाल्यांचे कान धरायला हवेत.

पानावर वर लिहिलेलं असतं “20 मिनिटं”. खाली साहित्य बघा: 2 कांदे, बारीक चिरून. 4 लसूण पाकळ्या, ठेचून. 3 गाजरं, सोलून, पातळ काप. म्हणजे ही सगळी कामं घड्याळ सुरू व्हायच्या आत कुणीतरी अदृश्य हातांनी करून ठेवायची. मी एकदा स्टॉपवॉच लावून बसले. भाज्या धुणं, सोलणं, चिरणं यातच 17 मिनिटं गेली, आणि माझा हात काही अगदी नवखा नाही. नमनाला घडाभर तेल ते हेच.

मग कांदा. “5 मिनिटांत सोनेरी होईपर्यंत परता.” 5 मिनिटांत कांदा सोनेरी होत नाही. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ते बरंचसं उडून गेल्याशिवाय रंग चढायला सुरुवातच होत नाही. मध्यम आचेवर 5 ते 7 मिनिटांत तो मऊ आणि काचेसारखा होतो. सोनेरी व्हायला माझ्या गॅसवर 15 मिनिटं तरी लागतात. मुरंब्यासारखा गडद, गोडसर हवा असेल तर मंद आचेवर 40 मिनिटं धरून चाला. छापील वेळ खरी मानणारा नवशिका पाचव्या मिनिटाला पांढऱ्या कांद्याकडे बघतो, घाबरतो आणि गॅस मोठा करतो. कडा करपतात, आत कच्चा राहतो, आणि त्यातच पुढचा लसूण पडून काळा होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

माझी सवय अशी. रेसिपी आधी शेवटपर्यंत वाचायची, उभ्याने नाही, बसून. “तोपर्यंत दुसरीकडे भात शिजवून घ्या” असली ओळ नेमकी सातव्या पायरीत दडलेली असते. मग छापील वेळेत चिरण्यापुरती 15 मिनिटं मिळवायची, आणि पहिल्यांदाच करत असू तर वरून आणखी 10. पानावर मिनिटं काहीही असोत, मी “रंग”, “वास”, “सुरी आरपार जाते का” हे शब्द शोधते. ज्या पुस्तकात फक्त मिनिटं आहेत आणि खुणा नाहीत, ते पुस्तक मी विकत घेत नाही.

पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी करा, पोट भरलेलं असताना. पण निकाल मात्र दुसऱ्या प्रयोगानंतर द्या, आणि तो दुसरा प्रयोग आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामावरून दमून आल्यावर झाला पाहिजे. रविवारी सगळंच सोपं वाटतं. शिवाय सिंकमध्ये किती भांडी पडली ते मोजा. मी एकदा “15 मिनिटांच्या” पास्त्याची भांडी मोजली होती: 11. तो पास्ता चवीला उत्तम होता. मी पुन्हा केला नाही.

पॅनमध्ये गर्दी

भाज्या भाजल्या न जाता शिजून लिबलिबीत झाल्या, ही तक्रार आली की मी फोटो मागवते. फोटोत भाजीवर भाजी रचलेली. पाणी आहे तोवर पॅनचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला 140 अंशांच्या आसपास किंवा जास्त लागतं. तुकड्यांमध्ये जागा नसेल तर सुटलेली वाफ निघून जात नाही आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडते. मशरूमचं तर विचारूच नका, ते बहुतांशी पाणीच असतात. एक थर, मध्ये बोटभर जागा, नाहीतर दोन घाण्यांत करा. “दोन घाणे म्हणजे वेळ जातो” असं म्हणणाऱ्यांनी वाफवलेली भाजी आवडीने खावी, माझी हरकत नाही.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे पॅनचा आकार. पुस्तकात 25 सेंटिमीटर म्हटलंय आणि तुमचा 20 चा आहे, तर “5 सेंटिमीटरचाच फरक” असं म्हणू नका. तळाचं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतं. मग सॉस आटत नाही, आणि शिव्या पुस्तकाला.

मोजमाप

इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही, निदान पहिल्या वेळी तरी. टीस्पून 5 मिली, टेबलस्पून 15 मिली. ऑस्ट्रेलियन पुस्तक असेल तर टेबलस्पून 20 मिली. कप कुठे 240 मिली, कुठे 250. “1 कप चिरलेला पालक” आणि “1 कप पालक, चिरून” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्यात आधी चिरून मग मोजायचा, दुसऱ्यात आधी मोजून मग चिरायचा. वजनकाटा घ्या. बाकी कुठलंही उपकरण नसलं तरी चालेल.

तेलाचं सांगते, कारण “हेल्दी”चा सगळा डोलारा तिथेच कोसळतो. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण 14 ग्राम, सुमारे 120 कॅलरी. माझा हात बसलेला आहे अशा गुर्मीत मी एकदा बाटलीतून “एक टेबलस्पून” ओतलं, पण पॅनमध्ये न ओतता काट्यावरच्या वाटीत. 38 ग्राम! पानाच्या तळाशी छापलेला कॅलरींचा आकडा त्या क्षणीच खोटा ठरला होता. तसंच “4 जणांसाठी” लिहिलेलं दोघांनी संपवलं तर छापील आकड्याची दुप्पट करायची, एवढं गणित सगळ्यांना येतं, पण करत कुणी नाही.

मिठाचंही तसंच. बारीक मीठ एक टीस्पून म्हणजे सुमारे 6 ग्राम, जाडं किंवा पापुद्र्याचं मीठ त्याच चमच्यात निम्म्याच्या आसपास भरू शकतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रामपेक्षा कमी मीठ सांगते. आणि एक टेबलस्पून साध्या सोया सॉसमध्येच सुमारे 900 मिलिग्राम सोडियम असतं, म्हणजे 2 ग्रामांहून थोडं जास्त मीठ. म्हणून सोया सॉस किंवा स्टॉक क्यूब असेल तिथे मी मीठ अगदी शेवटी घालते, सॉस आटल्यावर, चाखून.

किरकोळ, पण रोजच्या

पंख्याचा ओव्हन असेल आणि पुस्तकातलं तापमान साध्या ओव्हनचं असेल तर 20 अंश कमी ठेवा.

ताज्या हर्ब्जच्या जागी सुकवलेले घातले तर मोजून एक तृतीयांश. (पहिल्या वेळी घालूच नका, हे वर सांगून झालंय.)

प्रमाण निम्मं केलं म्हणून वेळ निम्मा होत नाही. चिकनचा तुकडा तेवढाच जाड आहे.

आणि चिकन शिजलं का, हे रंगावरून ठरवू नका. सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसा, 74 अंश सेल्सिअस आले की झालं.

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी “झटपट” परतायचा विचार असेल तर तो सोडा. शिजवल्यानंतरही टिकून राहणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात असू शकतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

“कसं झालंय?” असं विचारणं

घरच्यांना हा प्रश्न विचारला की उत्तर “छान” येतं, कारण समोरच्यालाही जेवायचं असतं. त्यातून समासात लिहिण्यासारखं काहीच मिळत नाही. मध्यंतरी मी नेमके प्रश्न विचारून बघितले: मीठ कमी की जास्त? भाजी कच्ची वाटली का? लिंबू पिळलं असतं तर? दोन दिवस उत्तरं मिळाली, तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, “आई, परीक्षा आहे का?”

आता मी काहीच विचारत नाही. सगळे उठले की ताटं बघते. गाजराचे काप कडेला सारलेले असतील तर ते जाड चिरले गेले होते. सॉस ताटात तसाच राहिला असेल तर पातळ झाला होता. परवा एका ताटात ब्रोकोलीचे फक्त दांडे राहिले होते, तुरे सगळे संपलेले. पेन्सिल घेतली आणि लिहिलं: दांडे सोलून, तुऱ्यांच्या 3 मिनिटं आधी घालणे.