बाबाला मग नको, पंक्चर द्या

जूनचा तिसरा रविवार, म्हणजे पितृदिन, जवळ आला की आमच्या घरातली दारं बंद व्हायला लागतात. आत कात्री, डिंक आणि कुजबुज. मी दोन मुलांचा बाप. थोरली अकराची, धाकटा सातचा. 'जगातला सर्वात भारी बाबा' असं छापलेले चार मग माझ्याकडे आहेत. एकात पेनं, एकात स्क्रू, दोन रिकामे. मुलांनो, पाचवा आणायच्या आत हे वाचा.

मुळात हा दिवस एका मुलीने लावून धरला. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातली सोनोरा स्मार्ट डॉड. आई गेल्यावर वडिलांनी घर सांभाळलं, म्हणून तिने खटपट केली आणि १९ जून १९१० ला तिथे पितृदिन साजरा झाला. तिकडच्या कायद्यात तो यायला १९७२ उजाडलं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाबा जे काम करतोय त्यात घुसायचं. मागच्या वर्षी नेमकी त्याच सकाळी थोरलीची सायकल पंक्चर झाली. मी बाह्या सरसावल्या, तर म्हणाली, "बाबा, तू फक्त सांग. मी करते."

तुम्हीही करू शकाल. टायरची एक कड रिमवरून उचला, ट्यूब बाहेर ओढा. तिच्यात थोडी हवा भरून बादलीतल्या पाण्यात एकेक भाग बुडवत न्या. बुडबुडे आले की भोक सापडलं; पेनाने खूण करा. ट्यूब कोरडी करून तेवढी जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन लावा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. ओल्या सोल्युशनवर पॅच धरत नाही. वरची चकाकी गेली की मगच दाबून बसवायचा. तेवढ्यात टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधा, नाहीतर संध्याकाळी पुन्हा बादली. आमचा काटा निघाला तो खिळ्याचा तुकडा, अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

सोल्युशन वाळायची ती पाच मिनिटं आम्ही नुसते उकिडवे बसलो होतो. तेव्हा तिने, ट्यूबकडे बघतच, वर्गातली एक मैत्रीण महिनाभर बोलत नाही हे सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर काही बोलली नसती.

कार्ड करायचंच असेल तर दरवर्षी नवं नको. एकाच जाड कागदावर बाबाचा पंजा रेखाटा, त्याच्या आत तुमचा, शेजारी तारीख. पुढच्या वर्षी त्याच कागदावर वेगळ्या रंगाने. आमचा धाकटा मोठा दिसावा म्हणून बोटं ताणतो. चालतं.

पत्ते, कागदी विमानं, काहीही खेळा. फक्त बाबाला मुद्दाम जिंकू देऊ नका, कळतं आम्हाला. बाबा लांब राहत असेल तर व्हिडिओ कॉलवरही खेळता येतं. बाबा नसेल तर आजोबा, मामा, काका, जो तुमचा असेल तो. आणि पहाटे साडेपाचला अंगावर उडी मारून सरप्राइज देऊ नका, ही कळकळीची विनंती.

शेवटचं, मुलाखत. फोनवर रेकॉर्डिंग लावा. "तुझं लहानपण कसं होतं?" असं विचारलंत तर "छान" एवढंच मिळेल. बारीक विचारा. बाकावर शेजारी कोण बसायचं? सगळ्यात जास्त मार कशाबद्दल खाल्लास? कोणती वस्तू हरवली ती अजून आठवते? धाकट्याने विचारलं, "तू शेवटचा कधी रडलास?" मी म्हटलं, लहानपणी, पडलो तेव्हा.

"खरं सांग ना," तो म्हणाला.

त्या फाइलमध्ये यानंतर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे. मग माझा.