नमुना आधी, मशीन नंतर: रुग्णालयाची सामायिक संशोधन प्रयोगशाळा वापरताना

उणे ८० अंशांचा फ्रीझर, रिअल-टाइम पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारं), एलायझा रीडर (रक्तातली प्रथिनं मोजणारं), फ्लो सायटोमीटर (पेशी मोजणारं) ही यंत्रं एकेका विभागाला परवडत नाहीत, म्हणून रुग्णालयं ती एका छताखाली सगळ्यांसाठी ठेवतात. थिसिस करणारे रेसिडेंट डॉक्टर बहुतेकदा नमुने गोळा करून झाल्यावर तिथे पोचतात. तोवर चुकीच्या नळीत घेतलेलं रक्त चार महिने फ्रीझरमध्ये पडून असतं आणि मग कितीही महागडी यंत्रणा त्याला वाचवू शकत नाही. म्हणून नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधीच लॅबच्या प्रमुख टेक्निशियनकडे जाऊन बसा. कोणती नळी, किती मिली, किती वेळात, कोणत्या तापमानाला, आणि किट (चाचणीचं तयार साहित्य) कोण मागवणार, या पाच गोष्टी लिहून घ्या. नमुना साठवून ठेवणार असाल, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असाल किंवा बाहेरच्या लॅबला पाठवणार असाल, तर ते मराठी संमतीपत्रात तेव्हाच यायला हवं. नंतर त्या रुग्णांना शोधून पुन्हा सह्या घेणं जवळपास अशक्य असतं.

किटचं गणित

एलायझाच्या प्लेटला ९६ खड्डे असतात, म्हणून ९६ रुग्ण बसतील असं धरून बजेट मांडलेलं सर्रास दिसतं. प्रत्यक्षात ब्लँकसह (नमुना नसलेला खड्डा) आठ स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाचे द्रव) दोन-दोनदा लावले की १६ खड्डे गेले. चाचणी नीट चालली का हे दाखवणारे दोन कंट्रोल दोन-दोनदा, म्हणजे आणखी ४. उरले ७६, आणि प्रत्येक नमुना दोनदा लावायचा म्हणजे रुग्ण फक्त ३८. प्रत्येकाचा एकच नमुना असेल तर शंभर रुग्णांच्या अभ्यासाला तीन किट लागतात, आणि ती एकाच लॉटची (एकाच वेळी बनलेली) घ्यावीत. एकाच रुग्णाचा पहिला व दुसरा नमुना एकाच प्लेटवर लावा. आजारी एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्यावर असं केलंत, तर दिसणारा फरक आजाराचा की प्लेटचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

नळी आणि वेळ

भातलावणीच्या दिवसांतला ताप आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) अभ्यास घ्या. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात, तेव्हा पीसीआरसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी, तीही शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत. हिरवी हेपॅरिनची नळी पीसीआरला चालत नाही, हेपॅरिन ती प्रक्रियाच अडवतं. अँटीबॉडीसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची सीरमची (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवाची) नळी, आणि साधारण दोन आठवड्यांनी दुसरं सीरम. मॅट या लेप्टोच्या अँटीबॉडी चाचणीत टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) चौपट वाढलं का हे या जोडीवरूनच कळतं. लावणी सोडून बरा झालेला माणूस दुसऱ्या सुईसाठी तालुक्याला येत नाही, हे गृहीत धरूनच आखणी करा. पहिल्याच दिवशी तारीख ठरवा, आशाताईंना कळवा, जमल्यास गावच्या उपकेंद्रात रक्त घ्या.

अनेक नळ्या भरायच्या असतील तर निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी असा क्रम पाळा. ईडीटीएचा अंश सीरममध्ये गेला की पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. जांभळी नळी हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा, हलवून खळखळवू नका. लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स, तिन्हींचे आकडे बिघडतात.

सीरमची नळी उभी ठेवून अर्धा तास गोठू द्या. दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणायची असेल तर नमुन्यांसाठी वेगळा कॅरियर ठेवा, लसींचा वापरू नका. बर्फाची पिशवी फ्रीझरमधून काढल्याबरोबर नळीला लागली तर रक्ताचा तिथेच बर्फ होऊन पेशी फुटतात. लसीच्या वेळी सिस्टर जसं पिशवी हलवून आत पाणी वाजतंय का पाहतात, तसंच पाहा आणि नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा.

सेंट्रिफ्यूज

नळ्या गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या या यंत्रासाठी ‘तीन हजार फेऱ्यांवर दहा मिनिटं’ हे लिहून ठेवण्यात अर्थ नाही. जोर फेऱ्यांवर ठरतो तसा रोटरच्या (नळ्या बसवलेल्या फिरत्या भागाच्या) त्रिज्येवरही ठरतो. सूत्र असं: १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंमी) × मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. दहा सेंमी त्रिज्येला ३००० फेऱ्यांवर साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर) मिळतो, सोळा सेंमीला १६०० च्या वर. सीरमला १३०० ते २००० जी आणि दहा मिनिटं पुरतात. वहीत जी लिहा, म्हणजे मशीन बदललं तरी काम तेच राहतं. समोरासमोरच्या नळ्या वजनाने सारख्या हव्यात. पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी फायकॉल हा दाट द्रव वापरत असाल तर ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थांबताना पांढऱ्या पेशींचा थर विस्कटतो.

सीरम लगेच ०.५ मिलीच्या चार-पाच क्रायोवायलमध्ये (अतिथंडीत ठेवायच्या छोट्या नळ्या) वाटा. एकाच मोठ्या नळीत ठेवलंत तर प्रत्येक चाचणीला सगळंच वितळवावं लागतं, आणि दर वेळी प्रथिनं थोडी थोडी खराब होतात. नाव लिहू नका, फक्त कोड लिहा. कोड आणि नाव जोडणारी वही लॅबबाहेर कुलपात असू द्या. साध्या मार्करची शाई स्पिरिटने पुसते आणि साधा स्टिकर उणे ८० ला गळून पडतो, म्हणून क्रायो लेबलच वापरा, तेही नळी कोरडी असतानाच चिकटवा.

पावसाळा, दमट हवा आणि वीज

कोकणात फ्रीझरला सर्वांत जास्त त्रास दमट हवेचा. दार उघडलं की ओल आत जाते, गॅस्केटवर (दाराच्या रबरी पट्टीवर) बर्फ धरतो, दार नीट बसत नाही आणि मोटर दिवसभर धावत राहते. रॅक, डबा, घर असा पत्ता आधी कागदावर शोधा आणि मगच दार उघडा. ८१ घरांच्या डब्यात चाचपडत बसण्याची ती जागा नव्हे. महिन्यातून एकदा फिल्टर साफ करा आणि गॅस्केटवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा.

वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीझर तासन्तास थंडी धरतो, अर्धा रिकामा लवकर तापतो, म्हणून रिकाम्या जागेत जेलच्या पिशव्या भरून ठेवा. अलार्म उणे ७० ला लावा आणि तो रात्रपाळीच्या माणसाच्या फोनवर वाजेल असं पाहा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात वीज किती दिवस गेली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी कुठवर चढलं, हे आठवूनच फ्रीझर आणि जनरेटरची जागा ठरवा. दोन्ही तळमजल्यावर नकोत. प्रत्येक रुग्णाचे निम्मे वायल दुसऱ्या फ्रीझरमध्ये ठेवा.

या ओलीचा फटका टेबलावरही बसतो. एलायझाच्या पट्ट्यांचं पाकीट फ्रीजमधून काढून तसंच फाडलं, तर खड्ड्यांत बारीक दव साचतं आणि पुढचे आकडे वेडेवाकडे येतात. पाकीट बंद ठेवूनच अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उरलेल्या पट्ट्या सिलिकाच्या पुडीसह लगेच सील करा.

बाहेर पाठवताना

कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा असतो आणि त्याचा थेट वायू होतो. थर्मोकोलचा डबा हवाबंद केला तर फुटू शकतो, आणि बंद गाडीत श्वास कोंडतो, म्हणून झाकणाला वाट ठेवा आणि गाडीच्या काचा थोड्या खाली ठेवा. दिवसाला दोन ते पाच किलो उडून जातो, असं धरून एक दिवस जास्तीचा भरा. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. जुलैत दरड कोसळून रेल्वे किंवा घाट बंद पडला, तर शुक्रवारचा डबा रविवारपर्यंत वाटेतच राहतो.

एका बाबतीत मात्र घाई नको. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची (केएफडी, गोचिडीतून पसरणारा घातक विषाणूजन्य ताप) साथ आली होती. हिवाळा ते उन्हाळा या काळात काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणाऱ्या माणसाला ताप असेल, तर त्याची नळी संशोधनाच्या टेबलावर उघडू नका, सेंट्रिफ्यूजमध्येही लावू नका. आधी लॅबप्रमुखांना सांगा. ती तपासणी ठरवून दिलेल्या विषाणू प्रयोगशाळेतच होते, आणि निकाल येईपर्यंत त्या रुग्णाचे सगळे वायल वेगळ्या, खूण केलेल्या डब्यात राहतात.