वर्षानुवर्षं डाएट केल्यावर पुन्हा नीट जेवायचं कसं? आधी घड्याळ, मग ताट, मग भूक

“भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा” हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण ज्यांची पाच-दहा वर्षं डाएटमध्ये गेली, त्यांची नेमकी भूकच बिघडलेली असते. सकाळी लिंबूपाणी, दुपारी वाटीभर सॅलड, सातनंतर तोंड बंद. मग दिवसभर भूक जाणवत नाही आणि रात्री दहाला बरणीतली शेंगाचटणी चमच्याचमच्याने संपते.

याला हावरेपणा म्हणून स्वतःला बोल लावू नका. खाणं कमी पडून चरबी घटली की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १,६०० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटलं आणि डोक्यात सतत जेवणाचेच विचार घोळू लागले. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही त्यांतल्या अनेकांना बरेच दिवस पोट भरल्यासारखं वाटेना. आज हातोहात फिरणारे कित्येक डाएट चार्ट १,२०० कॅलरींचे असतात, हे ध्यानात घ्या.

पहिले तीन-चार आठवडे घड्याळावर जेवा

भूक असो-नसो, उठल्यापासून दीड तासात न्याहारी, दुपारी एकच्या सुमाराला जेवण, पाचला काहीतरी, रात्री साडेआठला जेवण. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात ते चहापाशी. अकराला एक, चारला एक, असा भूक मारायला घेतलेला चहा जेवण पुढे ढकलतो आणि रात्रीचं खाणं हाताबाहेर जातं. चहा प्या, पण खाण्याच्या जागी नको. जेवणालगत तर नकोच, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तासाभराचं अंतर पुरतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक वेगळी सूचना. पारा चाळिशीपार गेला की दुपारी जेवण नको वाटतं. ते उन्हामुळे असतं. शरीराची गरज संपलेली नसते. अशा वेळी घट्टसर ताक, ज्वारीची आंबील, दहीभात असं गार काही खा, पण दुपार रिकामी सोडू नका. वाटल्यास मोठं जेवण सकाळी दहाला उरकून घ्या.

आता ताट

डाएटच्या नादात घरातली भाकरी गेली आणि ओट्स आले, हे आम्हाला अजिबात पटत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात. तंतूंच्या बाबतीत ती ओट्सच्या तोडीस तोड आहे. मंगळवेढ्याची ज्वारी तर भौगोलिक मानांकन मिळवलेली. ती आधी ताटात परत आणा.

प्रथिनांचा हिशेब एकदा समजून घ्या. भारतीय शिफारस वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. दिवसभरात ६० ग्रॅम पिठाच्या तीन भाकरी (१८ ग्रॅम), कच्ची मोजून ६० ग्रॅम डाळ (१३), ३० ग्रॅम मटकीची उसळ (७), दोन वाट्या दही (८) आणि मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, शेंगदाणे (५) यांत ते सहज बसतं. अंडी-मटण खाणाऱ्यांना आणखी सोपं. एका अंड्यात ६ ग्रॅम. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत भरपूर, म्हणून भाकरीशेजारी डाळ हवीच.

गडबड होते ती आमटीत. तर्रीदार पातळ आमटीची वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात डाळ जेमतेम दहा ग्रॅम असते. माणशी एक मोठी मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, डाळ घालून आमटी घट्टसर करा किंवा आठवड्यातून दोनदा डाळकांदा करा. ताटाचा निम्मा भाग भाजी, कांदा, काकडी, मुळा, मेथी यांनी भरा. पालेभाजीवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. डाळिंब तर आपल्याच सोलापूर जिल्ह्याचं. रस काढू नका, दाणे खा.

ताटात आधी भर घाला. काय काढायचं, ते नंतर.

कडक भाकरी कशी खायची

पोट भरल्याची जाणीव शिकायला कडक भाकरीसारखं साधन नाही, पण खाण्याची रीत बदलावी लागते. अख्खी भाकरी वाडग्यात चुरून वर आमटी ओतली की ती पाच मिनिटांत पोटात जाते आणि किती खाल्लं त्याचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी चतकोर मोडा, तेवढाच चुरा, वर आमटी घाला, मिनिटभर भिजू द्या, मग चावून खा. चतकोर संपला की पाण्याचा घोट घ्या आणि पुढचा मोडण्याआधी विचारा: पहिल्या घासाइतकीच चव लागतेय का? चव फिकी पडायला लागणं ही पोट भरत आल्याची पहिली खूण. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून जेवण तेवढा वेळ तरी चालू द्या. अजून हवी असेल तर चतकोर जरूर घ्या, त्यात चोरटेपणा नको.

भूक मोजायला शून्य ते दहा अंक धरा. शून्य म्हणजे हातपाय थरथरणं, दहा म्हणजे तडस लागणं. तीन-चारला बसा, सहा-सातला उठा. घड्याळाचे आठवडे झाल्यावर हे सुरू करायचं, त्याआधी अंक खरे येत नाहीत. एखाद्या दिवशी आठ-नऊपर्यंत गेलात तर दुसऱ्या दिवशीची न्याहारी कापू नका. कापली की जुनं चक्र पुन्हा फिरायला लागतं.

वर्ज्य केलेले पदार्थ

शेंगापोळी, भजी, पेढा, जे वर्ज्य केलं होतं त्यातला एकच पदार्थ निवडा. आठवड्यातून दोन-तीनदा, जेवणासोबत, ताटात घेऊन, बसून खा. रिकाम्या पोटी किंवा डब्यातून उभ्याउभ्या नको. सगळे पदार्थ एकदम मोकळे केले की पहिला आठवडा जड जातो आणि माणूस घाबरून परत सोमवारपासून डाएट धरतो. “आज शेवटचं, उद्यापासून बंद” हा विचारच जास्त खायला लावतो. शेंगाचटणी मात्र मोजून वाढा, रोज एक-दोन चमचे. शेंगदाणा आणि तेल दोन्ही असल्याने थोडक्यात बरीच ऊर्जा मिळते. ती भाकरीबरोबर छान, नुसती खाल्ली की आवरत नाही.

उपवासाबाबत स्वतःला सरळ विचारा: वजनात काहीच फरक पडणार नसता, तरी धरला असता का? एकादशी विठ्ठलासाठी असेल तर धरा. शेंगदाणे, दही, राजगिरा, भगर यांची जोड द्या, कारण साबुदाणा जवळपास नुसता स्टार्च असतो. वजनासाठीचे गुरुवार-शनिवार सहा महिने तरी सोडा.

त्रास होतात ते

पहिल्या दिवसांत वजन एक-दोन किलो वाढू शकतं. पिष्टमय अन्न परतल्यावर शरीर ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतं आणि त्यासोबत पाणी धरून ठेवतं. म्हणून रोज काट्यावर चढू नका. डाळी-उसळी एकदम वाढवल्या तर पोट फुगतं. मटकी रात्रभर भिजवा, मोड आणा, पूर्ण शिजवा आणि पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटीवर थांबा.

काट्याऐवजी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी रक्त तपासा: हिमोग्लोबिन (बायकांचं १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय), जीवनसत्त्व बी१२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर).

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल किंवा किडनीचा आजार असेल, तर वरचे बदल डॉक्टरांशी बोलूनच करा. पाळी तीन महिने आली नसेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, किंवा लपून खूप खाणं दर आठवड्याला होत असेल, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.