बेळगावात घराचं काम काढताय? ‘आपला माणूस’ एवढ्यावर विसंबू नका

दरवर्षी शिमगा झाला की मला दोन-तीन तरी फोन येतात. कोणाची बदली झालेली असते, कोणी उद्यमबागेत फाउंड्रीत लागलेला असतो, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन इथेच राहायचं ठरवलेलं असतं. शहापुरात, वडगावात, अनगोळात जुनं घर घेतलेलं असतं, थोडी दुरुस्ती करायची असते. आणि शेवटी सगळे तेच विचारतात, “ताई, एखादा आपला माणूस सांगा ना. मराठी बोलणारा.” तुमची ही गरज मला कळते. परक्या राज्यात आल्यासारखं वाटत असतं, पाट्या वाचता येत नाहीत, आणि कोणी मराठीत “काळजी करू नका वहिनी” म्हटलं की निम्मी धास्ती जाते. त्याच जागी आमचं घर बुडालं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही २००३ साली सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून इथे आलो. सात वर्षं भाड्याने राहिलो आणि २०१० मध्ये शहापुरात जुनं कौलारू घर घेतलं. पुढची सोप्याची, म्हणजे ओसरीची, बाजू तशीच ठेवायची, न्हाणीघराची फरशी बदलायची, मागे स्वयंपाकघर नव्याने बांधून वर छोटा स्लॅब टाकायचा, एवढंच काम. ठेकेदार मिळाला तो आमच्याच तालुक्याकडचा. पहिल्या भेटीत त्याने गावच्या जत्रेची आठवण काढली आणि माझ्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी इसार दिला. कागद केला नाही. गाववाल्याकडे कागद मागायचा कसा, असं आम्हा दोघांनाही वाटलं. एप्रिल संपेपर्यंत ठरलेल्या रकमेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्याच्या हातात गेला होता. न्हाणीघराची फरशी तेवढी झाली होती. मागची कौलं उतरलेली, नव्या भिंती कंबरेपर्यंत येऊन थांबलेल्या. मग फोन लागेना. लागला तर सेंट्रिंगवाला लग्नाला गेलाय, वाळूची गाडी अडकलीय, सोमवारी नक्की माणसं पाठवतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव झाला. स्वयंपाकघरात घोट्याएवढं लाल पाणी आणि त्या पाण्यात वर्षाचे तांदूळ भरलेलं पिंप.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गवंडी आला, स्वतःचा ओळंबा आणि थापी न्यायला. बैलहोंगलकडचा, पन्नाशीचा माणूस. दोन महिने रोज आमच्या घरात काम करत होता, पण त्याला मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड. सात वर्षांत मला कन्नडची गरजच पडली नव्हती. भाजीवाली, दूधवाला, शेजार, सगळं मराठी. मी चहा दिला. चहा पिऊन तो न्हाणीघरात गेला, उकिडवा बसला आणि थापीच्या मुठीने एकेक फरशी वाजवायला लागला. दाराजवळ ठक्‌ ठक्‌. कोपऱ्याकडे सरकला तसा आवाज बदलला, ढब्‌ ढब्‌, रिकाम्या डब्यासारखा. माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली. मी शेजारच्या आजींना हाक मारली. त्यांना दोन्ही भाषा येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “बाय, ह्यो म्हणूलाय, खाली माल भरलाच न्हाई. वॉटरप्रूफिंग करूया म्हटलं तर त्यानं सामानच दिलं न्हाई. आणि ह्येचा तीन आठवड्यांचा पगार बी थकलाय.”

तो सगळं जाणून होता. माझ्यापासून दहा फुटांवर बसून काम करत होता. आणि मी रोज ठेकेदाराला विचारत होते, “मेस्त्री काय म्हणतोय?” त्यावर ठेकेदार सांगायचा, “सगळं बेस्ट चाललंय म्हणतोय.”

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, ठेकेदार मराठी असो की कन्नड, काम करणाऱ्या हातांशी तुमचं थेट बोलणं हवं. तुमच्या आणि गवंड्याच्या मध्ये तो एकटाच दुभाषी असेल तर घरात काय चाललंय ते तुम्हाला त्याच्या सोयीनेच कळणार. फार कन्नड लागत नाही. ‘बर्री’ म्हणजे या, ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘केलस’ म्हणजे काम, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘रोक्क’ म्हणजे पैसे. ‘नाळि बर्तेन्री’ म्हणजे उद्या येतो. हे वाक्य तुम्ही पुष्कळ ऐकणार आहात. त्यावर ‘यावाग?’ म्हणजे ‘केव्हा?’ एवढं विचारता आलं तरी समोरचा नीट वेळ सांगतो. दुपारी ‘चहा कुडीरी’ म्हणा आणि दोन मिनिटं तिथे उभ्या राहा. मोडकं बोललात तरी कोणी हसत नाही. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, आणि त्याबद्दल आपल्या प्रत्येकाच्या मनात जे आहे ते आहे. पण भर उन्हात तुमची भिंत बांधणाऱ्या माणसाशी वागताना तो मध्ये आणू नका. आमचं घर अखेर त्या बैलहोंगलच्या गवंड्यानेच उभं केलं.

आता हंगामाचं. कोकणातून आलेल्यांना पाऊस शिकवायला नको, पण पुण्या-सोलापूरकडून आलेल्यांची इथे फसगत होते. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. शिवाय एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यात किती घरं पडली ते इथले लोक अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे छप्पर उघडण्याचं काम दिवाळीनंतर सुरू करा आणि स्लॅब मार्चअखेर, फार तर एप्रिलच्या मध्यापर्यंत पडेल असं बघा. फेब्रुवारी संपली आणि ठेकेदार अजून ‘बघूया’ म्हणत असेल तर त्या वर्षी कौलं उतरवू देऊ नका. कौलं गळत असली तरी डोक्यावर असतात.

मजूर न येण्याचं प्रत्येक कारण मात्र खोटं धरू नका. बहुतेक गवंडी आणि बिगारी आसपासच्या खेड्यांतले, थोडीफार शेती असलेले. सुगीला ते जाणार, जूनमध्ये पेरणीला जाणार, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणार, गावात महालक्ष्मीची जत्रा असेल तर आठवडाभर दिसणार नाहीत. चांगला मेस्त्री हे आधी सांगतो, “बुधवारपासून चार दिवस नाही” म्हणतो आणि पाचव्या दिवशी हजर असतो. वाईट ठेकेदार दिवस उलटून गेल्यावर कारण सांगतो. मी आता वहीत दोन रकाने करते: कोण येतो म्हणाला, कोण आला. तीन आठवड्यांत माणूस कळतो.

कागद कराच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटून आम्ही काय गमावलं ते वर सांगितलं. तो ई-स्टँपवर करा. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा, म्हणजे उद्या कचेरीत दाखवायची वेळ आली तर नुसत्या भाषांतरासाठी धावावं लागत नाही. दर लेबरचा की मालासकट, माप कसं धरायचं, सिमेंट कोणत्या कंपनीचं, नदीची वाळू की दगड फोडून केलेली एम-सँड, राडारोडा कोण उचलणार, प्रत्येक टप्पा कोणत्या तारखेला पुरा होणार, हे सगळं त्यात यावं. ‘चांगल्या प्रतीचं काम’ असं मोघम लिहून काही हाती लागत नाही. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग वेगळ्या ओळीत लिहा आणि त्यापुढे लिहा की चोवीस तास पाणी तुंबवून दाखवल्याशिवाय फरशी बसणार नाही.

नवख्या माणसाने माल स्वतः आणावा असं माझं ठाम मत आहे. त्रास होतो, पण पैसा कुठे गेला हे कळतं आणि ठेकेदार पळाला तरी माल तुमच्या अंगणात राहतो. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं; तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा, तासाभराने वर मातीचा थर किती बसतो ते बघा. आपल्याकडची माती लाल, त्यामुळे खोट लगेच दिसते. खानापूरच्या विटा इथे सर्रास येतात; दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा.

स्लॅबच्या बाबतीत एका गोष्टीवर अडून बसा. नेहमीच्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, किमान दहा दिवस पाणी मारलंच पाहिजे. कडक ऊन असेल तर आणखी. गच्चीवर मातीचे वाफे करून पाणी उभं ठेवतात ते बरं. खालचे टेकू सात दिवसांच्या आत, आणि गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरहून मोठा असेल तर चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नका. सेंट्रिंगच्या पाट्यांचं भाडं वाढतं म्हणून घाई होते, ते भाडं आधीच कराराच्या रकमेत धरून ठेवा. आणि तुमच्या भागात नळाचं पाणी किती दिवसांआड येतं ते स्लॅबच्या आधी शेजारी विचारा. राकसकोप जलाशयाचं पाणी असो की हिडकल धरणाचं, उन्हाळ्यात ओढ असते. टँकर लागणार असेल तर त्याचे पैसे बाजूला हवेत.

पैशांबद्दल मी एकच पद्धत सांगते. सुरुवातीला दहा टक्के. नंतर जेवढं काम उभं राहिलं, मोजून झालं, तेवढेच. शेवटचे दहा टक्के एक अख्खा पावसाळा गेल्यावर, आणि हे कागदावर. हप्ता देताना बँकेतून द्या. रोख द्यावीच लागली तर वहीत सही घ्या. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार होतो, त्या वेळी घरी थांबा. गवंड्याला पैसे मिळाले का, ते त्यालाच विचारा. मजुरांचा पगार थकायला लागला की समजा, तुमचा पैसा दुसऱ्या कोणाच्या घराच्या कामावर गेला. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

भिंत पुढे सरकवणार असाल, मजला चढवणार असाल तर आधी घराचं खातं, म्हणजे सरकारी दप्तरातली मिळकतीची नोंद, तुमच्या नावावर झालंय ना ते बघा आणि महानगरपालिकेची किंवा पंचायतीची परवानगी घ्या. “नंतर बघू” म्हणणाऱ्या ठेकेदाराचं नाव नोटिशीवर येत नाही, तुमचं येतं.

इतकं करूनही माणूस काम टाकून गेलाच तर पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. दुसऱ्या इंजिनियरकडून झालेलं काम मोजून लेखी घ्या, मगच नवा माणूस लावा; त्याने हात लावल्यावर जुन्याचं काम किती हे सिद्ध करता येत नाही. मग पोचपावती मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. पोलिसांत गेलात तर बहुतेक वेळा हा दिवाणी मामला आहे असं सांगतात. तुमचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारून घेता येतं. आमच्याकडे कागद नव्हता, बँकेची नोंद नव्हती. नोटीस पाठवली, तिची पोचपावती आली, पैसे आले नाहीत.

तो पावसाळा आम्ही ताडपत्री आणि पत्र्याखाली काढला. सोप्यात चूल, भिंतींना ओल, मुलीची पुस्तकं दोरीवर वाळत घातलेली. जानेवारीत गवंडी रोजंदारीवर परत आला. आधी न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या नऊ फरश्या उखडल्या, खाली नीट माल भरला, पाणी तुंबवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हात धरून खालची भिंत चाचपायला लावली. कोरडी होती.

तुमचं काम पुरं झालं असेल तर पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन छताचे चारही कोपरे बघा. ओल दिसली तर तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. आठवड्याने पुन्हा बघा, डाग रेघेबाहेर गेला का. पावसाळा संपेपर्यंत असं करा आणि मग शेवटचे दहा टक्के द्यायला मेस्त्रीला घरी बोलवा, त्या रेघा दाखवायला.