बंद पडलेलं जॅझ लेबल परत उभं करायचं असेल तर आधी कागद शोधा, मग टेप

जुन्या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नाव मिळालं, चार खोकी टेप हाती लागल्या की लोकांना वाटतं झालं, आता छापायला टाकू. पण नाव मिळालं म्हणजे गाणी मिळाली असं नसतं.

स्ट्राटा-ईस्टचंच बघा. ट्रम्पेट वाजवणारे चार्ल्स टॉलिव्हर आणि पियानिस्ट स्टॅनली कॉवेल यांनी १९७१ ला न्यूयॉर्कमधे हे लेबल काढलं, पद्धत अशी की कलाकाराने स्वतः रेकॉर्डिंग करून आणायचं, लेबलने ते छापून विकायचं आणि मास्टरची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकी कलाकाराकडेच राहायची. त्या काळात कृष्णवर्णीय संगीतकारांना हे मिळणं म्हणजे केवढी गोष्ट होती! पण म्हणूनच असं लेबल उठवताना एका मालकाची सही पुरत नाही, अल्बमगणिक वेगळा माणूस, तो हयात नसेल तर बायको, मुलं, भाऊ. कॉवेल स्वतः २०२० ला गेले. २०२५ पासून मॅक अॅव्हेन्यू या जॅझ लेबलने यातले अल्बम परत आणायला घेतलेत.

तर पहिलं काम, एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक अल्बमपुढे मास्टर कोणाचा, ट्यून कोणी लिहिली (हे दोन हक्क वेगळे असतात, गल्लत करू नका), कव्हरचा फोटो कोणी काढला. फोटोग्राफरला सगळे विसरतात आणि मग ऐनवेळी काम अडतं. आणि जुनं आहे म्हणजे फुकट आहे असं समजू नका, १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीपर्यंत अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डिंगना २०६७ पर्यंत संरक्षण आहे.

आता टेप. डबा उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, कारण इंजिनिअरने पेनने खरडलेली ओळ हीच तुमची खरी माहिती. त्यावर 'टेल्स आउट' असेल तर टेपचा शेवट बाहेरच्या बाजूला आहे, उगाच रिवाइंड करून ठेवू नका. 'कॉपी' लिहिलं असेल तर मूळ मास्टर दुसरीकडे कुठेतरी आहे, शोधत राहा.

मग स्पूल उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर बहुतेक अॅसिटेट (जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक), व्हिनेगरचा वास येतोय का बघा, तो आला तर टेप खराब होतेय, आणि ती कधीही तापवायची नाही म्हणजे नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या अँपेक्स ४०६, ४५६ टेपचं दुखणं वेगळं, पावसाळ्यात पापड सादळतो तसा त्यांच्यातला बायंडर (चुंबकी भुकटी टेपला धरून ठेवणारा चिकट थर) ओलावा पिऊन सादळतो, लावली की मशीन किंचाळतं आणि हेडवर (मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट राळ जमते. अशी टेप साधारण ५४ अंशावर आठेक तास शेकतात, टेम्परेचर नीट धरणाऱ्या इनक्युबेटरमधे किंवा फूड डीहायड्रेटरमधे, घरचा गॅस ओव्हन अजिबात नको. शेकल्यावर थंड होऊ द्या आणि दोन-तीन आठवड्यात ट्रान्सफर (टेपवरचा आवाज डिजिटल फाइलमधे उतरवणं) उरका कारण ती परत ओलावा धरते. पहिल्यांदा करत असाल तर माझं ऐका आणि जाणत्या माणसाकडेच द्या, पैसे इथे वाचवू नका.

ट्रान्सफर २४ बिट ९६ किलोहर्ट्झला, आधी टेपवर भरलेल्या चाचणीच्या टोनवरून लेव्हल आणि अझिमथ (हेडचा टेपशी कोन) जुळवून. नॉइज काढणं, चकचकीत करणं वगैरे त्या फाइलवर काही करायचं नाही, ती जशीच्या तशी तीन ठिकाणी ठेवा आणि मास्टरिंग (छापण्याआधीचा शेवटचा आवाजाचा हात) कॉपीवर करा. मूळ टेप टाकून द्यायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

छापायचं झालं तर टेस्ट प्रेसिंग (कारखान्यातून आधी येणारी नमुना रेकॉर्ड) स्वतः बसून दोन्ही बाजू पूर्ण ऐका, पहिली दोन मिनिटं ऐकून ओके म्हणू नका, रेकॉर्डच्या मधल्या भोकाजवळच्या ट्रॅकला झांजांचा आवाज फाटतो. हक्क असणाऱ्यांना हिशोबाचा कागद पहिल्या विक्रीपासून पाठवायचा, रक्कम छोटी असली तरी. आणि रेकॉर्ड छापून आली की पहिल्या प्रती संगीतकारांच्या घरी द्या, शक्य असेल तर स्वतः जाऊन, कारण बोलता बोलता कोणीतरी माळ्यावरून अजून एक टेप काढून आणतं.